गुलामांची जोडी

पोकरच्या स्पर्धेत चौघेच उरले होते. सुतारकाका अकरा वर्षांत पहिल्यांदाच इथवर पोचलेले, म्हणून दोन तास जपूनच खेळत होते. तासाभरापूर्वी गुलामांची जोडी आली, तेव्हाही त्यांनी कच खाऊन पानं टाकून दिली. दर फेरीला सक्तीची बोली भरता भरता चिप्सची चळत बोटभर उरली. मधल्या सुट्टीत पुतणी म्हणाली, “काका, आता तरी सगळं लावा!” “चांगली पानं येऊ देत!” काका खेकसले. सुट्टीनंतर आली सत्ती आणि दुर्री, पोकरमधली सगळ्यात वाईट पानं. पण आणखी थांबलं, तर बोलीतच सगळं संपणार होतं. चरफडत त्यांनी चळत पुढे लोटली. समोरच्या शिक्षिकाबाईंनी पानं न बघताच तेवढ्याच चिप्स टाकल्या आणि नुसत्या पंजीच्या जोडीवर डाव जिंकला. “बाई, न बघता?” काका तडकले. “तासाभरापूर्वी लावलं असतंत, तर दहादा विचार केला असता,” बाई म्हणाल्या. “आता या बोटभर चळतीला कोण भितंय?”