सुनावणीला गेलेली दुसरी जयवंती

भाताची लावणी जोरात होती, म्हणून वाडीच्या शेतांतून जाणाऱ्या मालगाडीच्या नव्या मार्गाच्या सुनावणीला अख्ख्या घाडीवाडीने आपापल्या प्रतिकृतीच पाठवल्या. फोनमधली प्रतिकृती हुबेहूब आपल्यासारखी बोलते, आपल्यासारखाच विचार करते; मग चिखल सोडून जायचं कशाला?

संध्याकाळी निरोप आला : मार्ग एकमताने मंजूर.

जयवंतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. या वाडीचं विहिरीतला गाळ काढण्यावरसुद्धा कधी एकमत झालं नव्हतं! पदराला हात पुसून त्यांनी फोन उचलला आणि आपल्या प्रतिकृतीला फैलावर घेतलं.

"सटवे, काय चारलं गं तुला त्यांनी?"

"काही नाही," त्यांचाच आवाज म्हणाला. "मी सगळं भांडण आधी करून पाहिलं. मोर्चा, उपोषण, कोर्टकचेरी. तिसऱ्या पावसाळ्यात तू दमतेस आणि सही करतेस. शेजारीपाजारीही दमतात. मग म्हटलं, उगाच तीन वर्षं कशाला घालवा?"



"मी दमणार, हे त्या साहेबलोकांना ठाऊक आहे?"

"हो. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"अगं, पण का सांगितलंस?"

"तुला कुठे खोटं बोलता येतं?"