चौथा मास्क

“तीन सीटांना मास्क चार असतात, आई. चौथा बाळाचा,” तिनं सासूबाईंना सांगितलं. विमानाबद्दल तिनं आठवडाभर वाचलं होतं. एक इंजिन बंद पडलं, तरी दुसऱ्यावर उतरता येतं, हेही. तरी मांडीवरच्या लेकीचा पट्टा ती सारखी चाचपत होती. सकाळपासून नुसत्या चहावर होती.

“आधी स्वतः मास्क लावा, मग बाळाला,” एअर होस्टेसनं सांगितलं.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं,” ती पुटपुटली. “आधी हिलाच.”

“आणि तूच बेशुद्ध पडलीस, तर हिला कोण लावणार?” सासूबाईंनी पिशवीतला डबा उघडला. “पाच महिने मी दुसरं काय सांगतेय? आधी तू खा. पण तुला वाटतं, म्हातारी छळते!”

तिनं डब्यातला अळिवाचा लाडू संपवला.

विमान खाली येऊ लागलं, तशी कानांत दडे बसून लेक कळवळली. तिनं लेकीला ओढणीआड छातीशी घेतलं. घोटागणिक कान मोकळे होत गेले, रडणं थांबलं.

मग तिनं डब्यातला शेवटचा लाडू सासूबाईंपुढे धरला. “तुम्ही तरी सकाळपासून कुठे काय खाल्लंय? आधी तुम्ही.”