पोपटाचं पथ्य

"चहा, कॉफी सगळं बंद! पोपटाला फक्त साधं पाणी. चहापायी याचं काळीज बघा कसं धडधडतंय. एखाद्या दिवशी हातचा जाईल," पक्ष्यांचे डॉक्टर कडाडले.

आजोबांनी सुनेकडे बघितलं, सुनेनं नवऱ्याकडे आणि नवऱ्यानं छताकडे.

"मान वाकडी करून कपाकडे बघत बसतो हो. आमच्या घशाखाली घोट उतरत नाही," आजोबा पुटपुटले.

"तुमच्यात दम नाही. आठ दिवस माझ्याकडे ठेवा."

नवव्या दिवशी सगळे धावतच दवाखान्यात पोचले. पोपटाची छाती तशीच धडधडत होती. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत, हुबेहूब त्यांच्याच आवाजात पोपट बोलला,


"असं बघू नकोस रे राजा... बरं, एकच घोट हं."