भक्कम बचावापुढे

"दुबळ्या बचावापुढे माझी आजीसुद्धा तीस गुण करेल," मुलीचे वडील म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "प्लेऑफमध्ये समोर भक्कम टीम आली की तुमच्या रेड्याला दरदरून घाम फुटतो."

"घामच फुटतो ना, काका? तुमच्या ससाण्याला तर तापच भरतो," होणारा जावई म्हणाला.

चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली. बाबांना कोणीतरी उलट बोललं होतं. या घरात, त्यांच्याच सोफ्यावर बसून.

रेडा आणि ससाणा हे बास्केटबॉलमधले दोन बडे खेळाडू. रेडा समोरच्याला रेटत थेट बास्केटखाली घुसायचा. ससाणा लांबूनच उडी मारून नेम धरायचा. वडील ससाण्याचे भक्त, जावई रेड्याचा. वडिलांनी उभी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात घालवली होती. दुसऱ्याच्या भिंतीवरचं मीटर चुकीचं आहे हे सिद्ध करण्याची हौस निवृत्तीनंतर ते घरच्यांवर भागवत. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. आज दोघांनी मिळून लग्नाची तारीख ठरवायची होती.

मुलीला मात्र त्याआधी एक गोष्ट सांगायची होती. ती रक्तपेढीत काम करायची. दुसऱ्या शहरात नवी रक्तपेढी उभी राहत होती आणि ती सांभाळायला तिला बोलावलं होतं, दोन वर्षांसाठी. बाबा नाही म्हणणार, यात शंका नव्हती. म्हणून जिन्यातच तिने त्याला बजावलं होतं, "विषय मी काढते. तू फक्त माझ्या बाजूने बोल." "हे काय सांगायला हवं?" असं म्हणत त्याने तिचा हात दाबला होता.

आणि आता तो टीपॉयवर मूठ आपटत होता. तिने कप ठेवले तेव्हा ते बशीत नाचत होते. माणूस आपण बरोबर निवडला, असं वाटून तिला भरून आलं.

"प्लेऑफच्या सगळ्या मॅच धरा. रेडाच पुढे आहे," तो म्हणाला.

"सगळ्या कशाला? भक्कम डिफेन्सवाल्याच धर."

"धरल्या. पण त्यांचा मुख्य बचावपटू फिट होता, त्याच."

"बरं. आणि त्यातल्या परक्या मैदानावरच्याच. घरी काय, कोणीही उड्या मारतो."

"चालेल. पण फक्त शेवटचं क्वार्टर मोजायचं."

एवढ्या चाळण्या लावल्यावर खाली एकच मॅच उरली. तिच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये ससाण्याचा घोटा मुरगळलेला होता आणि रेडा फाउल करकरून बाहेर गेलेला. दोघेही बाकावर. मग बाकावर जास्त खंबीरपणे कोण बसलं होतं, यावर वाद सुरू झाला. एव्हाना वडिलांच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"बाबा, मला जरा बोलायचंय," मुलगी म्हणाली.

"जाहिरात लागू दे," दोघे एकदमच म्हणाले.

जाहिरात लागली. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. वडिलांनी कपातला उरलेला चहा संपवला.

"लग्न झाल्यावर परगावी? एकटीने?" ते म्हणाले. मग पलीकडे वळून त्यांनी विचारलं, "काय जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. टीपॉयवरची मूठ उघडली आणि गुपचूप गुडघ्यावर जाऊन बसली.

"माझं काय असणार, काका? तुम्ही मोठे आहात. तुम्ही म्हणाल तसं."

"झालं तर मग," वडील म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला.

ती रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात आली. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"माझी शाळेतली नोकरी अशीच एका जाहिरातीपुरत्या वेळात गेली," आई म्हणाली. "तेव्हाही तुझ्या बाबांना कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही."

मग तिने मुलीच्या हातातले कप काढून घेतले. "तुझी ड्यूटी आहे ना आज? नीघ."

मुलगी बाहेर आली आणि टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली.

"अगं, बाजूला हो! फ्री थ्रो आहे!" वडील ओरडले.

"मी रक्तपेढीला होकार कळवतेय, बाबा. आणि हे लग्न मी करणार नाहीये."

जावई अर्धवट उठला. त्याचा चेहरा पार उतरला होता. तिने पर्स उचलली आणि ती दाराबाहेर पडली. दार तिने मुद्दाम लोटलं नाही. जिन्याच्या कठड्याला धरून ती सँडलचा पट्टा लावत राहिली. तो लागला, तरी तिने पुन्हा काढून लावला. मनात कुठेतरी अजून आशा होती. तो मागोमाग आला असता, नुसता "थांब" म्हणाला असता, तर ती कदाचित थांबलीही असती.

आतून पावलं वाजली. दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. त्याने घसा खाकरला.

"काका... मग रविवारी फायनलला मी येऊ ना?"

"अरे, हे काय विचारणं झालं?" वडील म्हणाले. "तू तर घरचाच!"