पंचांनी पाहिलेला सिनेमा

दिग्रसच्या टॉकीजमध्ये मशीन चालवणाऱ्या अन्सारनं एक सिनेमा अमरावतीला जाऊन तीनदा पाहिला होता, अन् तिन्ही वेळा रडला होता. बासष्ट साली राज्याच्या सिनेमा-स्पर्धेत पहिलं बक्षीस मात्र भलत्याच सिनेमाला मिळालं. तो बक्षीसवाला दिग्रसला लागला, तेव्हा अर्धे लोक मध्यंतरातच उठून गेले. मग अन्सारच्या हट्टापायी मालकानं हरलेला सिनेमा मागवला. बक्षिसाच्या पंचांसाठी काढलेली नवीकोरी प्रत तिकडून थेट दिग्रसला आली.

"पंचायनं नापास केला, म्हणजे काही खोट असंलच ना?" मशीनच्या खोलीत डोकावून मालक म्हणाले.

त्या प्रतीच्या रिळांचे डबे उघडत बसलेला अन्सार खिडकीबाहेर पचकन थुंकला.

"चौदा डबे हायेत, शेठ. पंचायनं दोनच उघडले. बाकी बाराचं सील आत्ता मीच तोडून राह्यलो."