दहापैकी सहा

"दुखणं दहापैकी किती, काका?" सिस्टरने विचारलं.

पंचांनी डोळे मिटले. जलतरण तलावावर सूर मारण्याच्या स्पर्धेत गुण देतानाही ते असेच क्षणभर डोळे मिटत. मग उघडले.

"सहा."

"छान," सिस्टर म्हणाली. इस्पितळात हा शब्द कशालाही लावतात. "सहापर्यंत गोळी आणि बर्फ. सातला पोचलं की मी डॉक्टरांना बोलावते. गोळी आत्ताच दिलीय, उतरेल आता."

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बायकोला मात्र काही उतरताना दिसत नव्हतं. सकाळी चार होतं, जेवणाच्या वेळी पाच, आता सहा. गोळ्या खाली जात होत्या आणि आकडा वर.

पंचांचा गुडघा तलावावरच गेला होता. उंच खुर्चीच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला, गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं आणि ते थेट पाण्यात. त्या पडण्याला स्पर्धेतल्या मुलांनी एकमताने साडेनऊ गुण दिले. पंचांना ते फार वाटले. पाय जुळलेले नव्हते, असं त्यांनी स्ट्रेचरवरून बजावलं.

काल ऑपरेशन झालं. पाय बधिर होता तोवर सगळं झकास होतं. बधिरपणा गेला आणि दुखणं हक्काच्या पाहुण्यासारखं येऊन बसलं.

समोरच्या भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता होता. शून्याला हसरा चेहरा, दहाला धाय मोकलून रडणारा. "नऊवाला नाटक करतोय," असा निकाल पंचांनी सकाळीच दिला होता. आता ते तक्त्याकडे बघत नव्हते. छताकडे बघत होते. पलंगाचा गज धरलेली बोटं पांढरी पडली होती.

बायको कपडे शिवायची. तिने पट्टीखाली हात घालून पोटरी चाचपली. उसवायच्या आधी कापड ताणतं, तशी ती ताणली होती. तिने पायाच्या अंगठ्याला हात लावला.

"अहो, कळतंय का?"

"काय कळतंय का?"

अंगठ्याला हात लागलेला त्यांना कळलाच नव्हता.

"सिस्टर, ह्यांचा पाय जरा बघता का? मला भीती वाटतेय हो."

"काकू, ऑपरेशननंतर सूज येतेच. नातेवाईक घाबरतातच. आणि काका सहा म्हणतायत ना? पलीकडच्या खोलीतले आजोबा सलाईनची सुई टोचली तरी दहा सांगतात." सिस्टर हसली आणि दाराकडे वळली.

बायको पंचांच्या कानाशी वाकली. "अहो, सात म्हणा. माझ्यासाठी म्हणा!"

"सात कसे म्हणू?" पंच दातांवर दात दाबून म्हणाले. "काहीतरी ताळतंत्र आहे की नाही?"

बायको बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं. इतका वेळ आपणही सहा म्हणजे सहाच समजत होतो!

"सिस्टर, थांबा!" ती जवळजवळ किंचाळली. "राज्यात पहिल्या आलेल्या मुलीला ह्यांनी साडेपाच दिले होते. आमच्या संसाराला पाच. सहा ह्यांनी जन्मात कुणाला दिलेले नाहीत!"

सिस्टर दारातच थबकली. परत आली.

"खरं का, काका?"

"साडेपाचच देणार होतो," पंच कण्हले. "पण..."

निकालानंतर पंच 'पण' म्हणाले, हे बायकोने प्रथमच ऐकलं.

सिस्टरने चादर दूर केली आणि पायाचा अंगठा अलगद वर वाकवला, तशी पोटरी आणखी ताणली. त्यावर पंचांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याच्यासाठी तक्त्यात चेहरा नव्हता.

मग सगळेच धावू लागले. पट्टी कात्रीने उभी कापली. डॉक्टर आले, त्यांनी पोटरी दाबली आणि ते कुणालाही 'छान' म्हणाले नाहीत. आत रक्त साचून दाब वाढला होता. पंचांना तसंच ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर बायको त्यांचा चष्मा पुसत बसली. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. तरी ती पुसत होती.

डॉक्टर बाहेर आले. "वेळेवर बोलावलंत. अजून थोडा उशीर झाला असता, तर पाय..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. डॉक्टर मंडळी एरवी काही अर्धवट सोडत नाहीत, त्यामुळे ती जास्तच घाबरली.

सकाळी पंच जागे झाले, तेव्हा पाय उशांवर होता आणि बोटं हलत होती. बायको त्या बोटांवरून नजर काढत नव्हती. एका हातात पाण्याचा पेला होता, दुसऱ्यात त्यांचा चष्मा.

"आता किती?" तिने विचारलं.

पंचांनी चष्मा लावला. तिच्याकडे पाहिलं. सुजलेले डोळे, न विंचरलेले केस, कालचंच पातळ. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले. उघडले.

"सात."

पेला तिच्या हातून निसटला. "सिस्टर! अहो सिस्टर, लवकर या!" ओरडत ती दाराकडे धावली.

"अगं, थांब," पंच मागून म्हणाले. "पायाला दोनच आहेत. सात तुला दिलेत."