कच्ची जागा

गार्गीच्या पोळ्या जाड व्हायच्या. निहार चिडवायचा, "कारखान्यात तापलेलं पोलाद थंडही होऊ न देता कागदासारखं पातळ लाटून घेतेस, मग पोळीनेच काय घोडं मारलंय गं?"

"पोळी वाकते रे. माझा पत्रा ट्रक आदळला तरी वाकायचा नाही."

म्हणून तर त्यांनी तिच्या पत्र्याचा सांगाडा असलेली गाडी घेतली होती.

आज बोरीवलीच्या पुलाखाली त्या गाडीला ट्रक धडकला. सांगाडा खरंच वाकला नाही. इंजिन मात्र आत घुसून निहारच्या मांड्यांवर बसलं होतं आणि दार जाम झालं होतं. गार्गी धावत पोचली तेव्हा त्याच्या सीटखाली रक्ताचं थारोळं साचत होतं.

"मॅडम, दाराचा हा खांब तुटला की साहेब बाहेर," फायर ब्रिगेडचा जवान घाम पुसत म्हणाला. "पण कटर नुसता घसरतोय. दुसरी मशीन मागवलीय, ती ट्रॅफिकमध्ये अडकलीय."

निहारने डोळे किलकिले केले. "अगं, यांना सांग ना... कुठे कच्चा राहिलाय ते."

गार्गीने खांबावरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. कारखान्यात पत्रा जरा कुठे कमजोर निघाला, की त्याचं अख्खं भेंडोळं भंगारात पाठवायची ती. सगळे तिला खडूस म्हणायचे.

तिने त्याचा गार पडत चाललेला हात गालाशी धरला.

"कुठेच नाही रे."